बाई, चुकलं!

रुक्मिणीनगर, अमरावती
१२ जुलै २०२५

केदार,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर.

पोस्टाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. आत्या फोन उचलत नाही म्हणून तुम्ही सगळे कुरकुर करता. कसा उचलणार? तुझ्या वेबसाइटपायी, धड्यांचं चित्रण करायला, तो फोन मी शिलाई मशीनवर जाड पुस्तकं रचून त्यांवर उभा केलाय आणि सुतळीने आवळून बांधलाय. एकदा सोडला की परत तसा बसत नाही. मग कधी माझं डोकं कापलं जातं, कधी फळा. डोकं गेलं तर चालेल, फळा जायला नको. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, आणि मला लिहायचा कंटाळा कधीच नव्हता.

धडे रोज होतात. सकाळी समोरची पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत मी आटोपते, नाहीतर आठवीच्या बीजगणितात ज्वारी दळली जाते. रात्री तो धडा आपोआप तुझ्याकडे अकोल्याला जातो म्हणतोस, तेव्हा जात असेल. मी स्वतः वेबसाइट उघडून बघत नाही. स्वतःला बघायची हौस मला साडी घेतानाही नव्हती.

पण एक सांगते. सगळी नोकरी मी पोरांच्या तोंडाकडे बघून शिकवलं. कोणाला समजलं, कोणाला नाही, कोण डबा उघडून बसलंय, सगळं तोंडावर दिसतं. आता मी एका काळ्या काचेकडे बघून शिकवते, आणि ती काच साधी जांभईसुद्धा देत नाही. म्हणून मला एवढंच कळव, समोर कोणी आहे का? धड्यांबद्दल कोणी काही बोललं का? काही खटकलं, काही विचारलं, काहीही?

दादाला आणि वहिनीला नमस्कार. म्हशींना घालायची सरकीची ढेप महागली म्हणून आमच्या दूधवाल्याने दुधात पाणी वाढवलंय. तुमच्याकडे काय हाल?

तुझी आत्या


अकोला
१८ जुलै २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र आल्यापासून बाबा ते सगळ्यांना वाचून दाखवताहेत. दुधाचं म्हणशील तर अकोलाही मागे नाही.

समोर कोणी आहे का म्हणून काय विचारतेस! अगं, खूप लोक बघतात. रोज बघतात. तेल्हाऱ्यातून, मोर्शीतून, कुठून कुठून बघतात. मी नुकतंच सगळं नव्याने केलंय, रंग बदलले, वर तुझा छान फोटो टाकला, नवा धडा आला की तो सगळ्यांत वर दिसतो, शंका विचारायला वेगळी खिडकी केलीय. लोकांना फार आवडलंय. सगळे म्हणतात की काय शिकवतात बाई! शंका अजून आलेल्या नाहीत, पण त्याचं कारण हेच की तू इतकं स्पष्ट शिकवतेस की शंका उरतच नाही.

तू फक्त शिकवत राहा. बाकीचं बारीकसारीक मी इथे सांभाळून घेतो.

औषधं वेळेवर घेतेस ना? झोप नीट होते ना? काही विसरायला वगैरे होत नाही ना?

तुझा केदार


अमरावती
२५ जुलै २०२५

केदार,

तू लहान असताना लाडू चोरलास की एवढंच लांबलचक बोलायचास.

शंका उरत नाही म्हणे! आठवीला बीजगणित शिकवलं आणि एकाही पोराला शंका नाही? असा वर्ग मी जन्मात पाहिला नाही. हात वर होत नसेल तर एक तर वर्ग झोपलाय, नाहीतर वर्गच नाही. आणि ही पोरं काही झोपायला माझ्याकडे येणार नाहीत, त्यासाठी त्यांना शाळा आहे.

मी रोज वाट बघते, केदार. कशाची ते तुला नाही कळणार. पण ज्या गोष्टीला वर्गातलं पाचव्या मिनिटाला कोणी ना कोणी ओरडायचंच, तिला इतक्या धड्यांत एकजण ओरडला नाही. म्हणजे समोर कोणी नाही. मला त्याचं वाईट वाटतं, हे सरळ लिहिते. रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलणारी बाई मला व्हायचं नाही.

पोळ्यापर्यंत बघीन. तोवर एकही पोर बोललं नाही तर फळा उतरवीन आणि फोन सोडवीन, मग खुशाल रोज फोन करा. शेजारच्या माणिकबाई भजनी मंडळात ये म्हणून मागे लागल्यात. भजन वाईट नाही, पण मला टाळ धरता येत नाही, खडू धरता येतो.

झोप उत्तम. औषध एकच आहे, ते घेते. आणि विसरायचं म्हणशील तर तुझ्या दहावीचे गणिताचे गुण अजून पाठ आहेत, लिहू का?

आत्या


केदारकडून जुईलीला, ई-मेल
३ ऑगस्ट २०२५

ताई,

फोनवर बोललो असतो, पण इकडे आई कान देऊन असते आणि हे तिच्यापर्यंत जायला नको. तुम्हा धामणगावकरांना बँकेतून सवड मिळाली की नीट वाच.

आत्याचं काहीतरी बिनसलंय. तिचे धडे मी वेबसाइटवर चढवायच्या आधी बघतो. शिकवते ती झकास, पण प्रत्येक धड्यात एक चूक करते. एखाद्यात नाही, प्रत्येकात! उणे तीनमधून उणे पाच वजा केले आणि उत्तर उणे आठ लिहिलं. दुसऱ्या दिवशी कंसाचा वर्ग केला आणि मधलं पदच खाल्लं. असली गणितं ती झोपेत सोडवायची. आणि चूक झाली की दोन क्षण कॅमेऱ्याकडे बघत गप्प उभी राहते, जणू आपण कुठे होतो ते आठवत नाही.

मी तिला काही बोललो नाही. चुकलेल्या आकड्यावर फळ्याच्याच रंगाचा चौकोन चिकटवतो, त्यात बरोबर आकडा टाकतो, तोंडून चुकीचं आलं असेल तिथला आवाज काढतो आणि ती गप्प उभी असते तो तुकडा कापतो. कोणाला कळत नाही असं मला वाटत होतं.

पण बघणारी पोरं दोन-तीन मिनिटांत निघून जातात. मी आत्याला खूप लोक बघतात म्हणून ठोकून दिलं आणि तिने ते पकडलं. पोळ्यापर्यंत कोणी बोललं नाही तर फळा उतरवते म्हणाली. म्हणून काल तेल्हाऱ्याला नितेशकडे गेलो. माझ्या कॉलेजचा, शेती करतो, त्याची खुशी आठवीत आहे. म्हटलं, एकदा समोर बसून बघू की पोर आपली वेबसाइट वापरते तरी कशी. तिच्या हातात फोन दिला आणि मी तोंड बंद ठेवलं.

पोरीने सगळ्यांत वरचा धडा लावला. तो तर शेवटचा! आत्या सुरुवातीलाच म्हणते, "काल आपण पाहिलं..." खुशी थांबली आणि मला म्हणते, "काका, काल म्हंजे कोन्ता धडा? मी तं काल पाह्यलाच नाही." मी म्हटलं, खाली शोध. ती शोधत खाली गेली, मी वर टाकलेल्या आत्याच्या त्या सुंदर फोटोखाली हरवली आणि परत वर आली. मग शंकेची खिडकी उघडली. तिथे मी ई-मेल आणि पासवर्ड मागितलाय. "पप्पाचा फोन हाय, पप्पाले इचारा लागते," म्हणाली. पप्पा गेले होते फवारणीला. खिडकी बंद.

आणि मग माझं बिंग फुटलं. म्हणाली, "बाईचा आवाज मदातच जाते. फयावर एका जागी चौकोन येते आन आकडा बदलते. मले वाट्टे आपला फोनच बिघडला." तिची आजी पार्वताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तसं असन तं नोको पाहू माय, डोये खराब होतीन."

बाकीचं मी रात्रीतून दुरुस्त करू शकतो. पण आत्याच्या चुकांचं काय करू? झाकल्या तर पोरं गोंधळतात, उघड्या ठेवल्या तर आत्याचं हसं होईल. डॉक्टरला दाखवायचं म्हटलं तर तिला सांगणार कोण?

केदार


जुईलीकडून केदारला, ई-मेल
४ ऑगस्ट २०२५

अरे शहाण्या,

मी काउंटरवर बसून इतकी हसले की समोरच्या काकांनी पासबुक परत मागितलं.

आत्याला काहीही झालेलं नाही. तू अकोल्यात शिकलास म्हणून तुला ठाऊक नाही. मी आठवीपासून तीन वर्षं तिच्याकडे राहून तिच्याच वर्गात बसले. ती रोज मुद्दाम एक चूक करायची! धड्याच्या मध्ये कुठेतरी, सांगायची नाही. चूक झाली की खडू हातात धरून गप्प उभी राहायची आणि आमच्याकडे बघायची. मग कोणीतरी ओरडायचं, "बाई, चुकलं!" ज्याने पकडली त्याने फळ्याजवळ जायचं, स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचं आणि कोपऱ्यात आपलं नाव लिहायचं. ते नाव दिवसभर पुसायचं नाही, भूगोलाच्या सरांनीही नाही. त्या नावासाठी आम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचो. शेवटच्या बाकावरचा अंकुर, ज्याला पाढे येत नव्हते, तो चूक पकडण्यात माझ्या पुढे होता.

आता कळलं ती कशाची वाट बघते? रोज एक चूक टाकते, दोन क्षण थांबते आणि कोणी ओरडतंय का ऐकते. आणि तू अकोल्यात बसून ती चूक पुसतोस आणि तिचं थांबणंही कापतोस!

तिला सगळं लिही. लाडवाच्या वेळेसारखं लांबलचक नको. आणि ती शंकेची खिडकी काढून टाक. आठवीतलं पोर शंका टाइप करत बसेल का? त्याला ओरडायला जागा कर.

जुईली


अकोला
६ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

थोडक्यात लिहितो, ताईची सक्त ताकीद आहे.

बघणारे कमी आहेत, आणि जे आहेत ते अर्ध्यात निघून जातात. मी तुला खोटं सांगितलं. पण दोष तुझा नाही, माझ्या वेबसाइटचा आहे.

तू रोज मुद्दाम चूक करतेस हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुझं वय झालं. म्हणून प्रत्येक धड्यातली चूक मी झाकली, आवाज काढला आणि तुझं ते थांबणं कापलं. तुझ्या वर्गातल्या एकाही पोरासमोर आजपर्यंत चूक गेलेलीच नाही, मग ओरडणार कोण? आत्या, मला फार लाज वाटते. तुला जपायला गेलो आणि तुझा वर्गच बंद करून बसलो.

तेल्हाऱ्याला नितेशच्या खुशीसमोर बसून सगळं पाहिलं. आता पहिला धडा पहिला दिसतो. तू "काल आपण पाहिलं" म्हणालीस की खालीच "कालचा धडा" असं बटण येतं, दाबलं की तो लागतो. ई-मेल नाही, पासवर्ड नाही. वरचा तुझा फोटो काढून टाकला, त्याबद्दल माफ कर, तो फार जागा खात होता. नेटवर्क मंद असेल तर चित्र पुसट होतं, पण आवाज तुटत नाही. आणि धड्याच्या खाली एकच मोठं लाल बटण ठेवलंय, त्यावर लिहिलंय, "बाई, चुकलं!" दाबायचं आणि बोलायचं. लिहायचं काही नाही.

तुझे मूळ धडे माझ्याकडे जसेच्या तसे आहेत. हो म्हणालीस तर सगळे चौकोन काढतो. फळा उतरवू नकोस.

केदार


अमरावती
१३ ऑगस्ट २०२५

केदार,

तुझं पत्र वाचून मी शेजारी माणिकबाईंकडे गेले आणि त्यांच्या नातवाच्या कॉम्प्युटरवर एक धडा लावला. मी मुद्दाम उणे आठ लिहिलं होतं तिथे, माझ्या अक्षराच्या शेजारी, तुझा तो छापील दोन! आणि मी तोंड हलवतेय, आवाज नाही. माणिकबाई म्हणाल्या, "काहून वो, दातं दुखून राहिले काय?"

आधी भयंकर राग आला. तू समोर असतास तर कान पिळला असता, मग भले तुझ्या डोक्यावर टक्कल का पडलेलं असेना. माझा कावा तू माझ्यावरच उलटवलास! मग घरी आले, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत डोळे भरून आले. आत्या चुकायला लागली असं तुला वाटलं, आणि तू ते कोणाला कळू न देता रोज मागे उभा राहून सावरत होतास. तेही न सांगता, न कुरकुरता. पोटच्या पोराने काय वेगळं केलं असतं? राग आणि रडू, दोन्ही खरं होतं, म्हणून दोन्ही लिहिते.

आता काम. एकूण एक चौकोन काढ. माझं थांबणं परत जोड, पूर्ण, एक क्षणही कमी नको. पोराला चूक दिसायला वेळ लागतो आणि ती बोलून दाखवायला त्याहून जास्त लागतो. "कालचा धडा" हे मात्र छान केलंस. वर्गात काल म्हटलं की सगळ्यांना कळायचं, कारण सगळे काल तिथेच असायचे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतके दिवस मी परक्या पोरांना त्यांच्या नसलेल्या कालची आठवण करून देत होते!

आणि फोटो काढून टाकलास ते बेस झालं. माझे फोटो मला ठाऊक आहेत, लोणच्याच्या जाहिरातीतल्यासारखी दिसते मी त्यांत.

पण पोळ्याची मुदत मी मागे घेतलेली नाही. बटण आहे म्हणजे कोणी दाबेलच असं नाही. घंटा टांगली म्हणून शाळा भरत नसते. मी रोज उभी राहीन, रोज चुकीन आणि थांबीन.

आत्या


अकोला
१९ ऑगस्ट २०२५

आत्या!

आलं! लाल बटणातून पहिला आवाज आला, आणि तो खुशीचा. मी तो दहा वेळा ऐकला आणि बाबांना वीस वेळा ऐकवला. तुझा फोन बांधलेला, म्हणून शब्दन् शब्द लिहून पाठवतो. समलंब चौकोनाच्या शेताचा धडा आहे. ऐक.

"बाई, चुकलं! बाई, तुमी समांतर बाजूची बेरीज केली तीस आन वीस, पन्नास. त्याले उंचीनं गुनलं. पन अर्धं कराचं राह्यलं, ते तं तुमीच काल सांगतलं होतं. मी कालचा धडा लावून पाह्यला. आन बाई, अजून एक चुकलं. आकृतीत तुमी उंची बारा लिवली, आन खाली गुनतानी चवदा घेतली. म्हून तुमचं सातशे आलं. उत्तर तीनशे पायजे. हो ना बाई? मी खुशी नितेश, तेल्हारा." मग मागून पार्वताबाईंचा आवाज येतो, "कोनावर वरडून राहिली वं माय?" आणि ही म्हणते, "आजी, बाईवर!"

आत्या, एका धड्यात दोन चुका ठेवल्यास म्हणजे जरा जास्तच केलंस! मी धडा चढवताना अर्ध्याची चूक ओळखली होती आणि शहाण्यासारखा गप्प बसलो, पण बारा-चौदाची मला दिसलीच नाही. पोरीला दिसली. आता मोर्शीहून आचल म्हणून एका मुलीचाही आवाज आलाय, पण तिला एकच सापडली.

आता तरी फळा राहणार ना?

केदार


अमरावती
२४ ऑगस्ट २०२५

केदार,

पोळा झाला. फळा जागेवर आहे. उतरवला असता तरी परत लावावा लागला असता, कारण त्याच्या कोपऱ्यात खुशीचं नाव आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पोळ्यासाठी पुरण वाटत होते. हात तसेच ठेवून वाचलं. "बाई, चुकलं" वाचताना मला तिचा आवाज ऐकूच आला, कसा सांगू. वरच्या पट्टीत, थोडा घाबरलेला, थोडा माजलेला. सगळ्यांचा तसाच असतो. मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "शाबास! ये, फळ्याजवळ ये." मग तिला यायला जमणार नाही हे लक्षात आलं, म्हणून हात धुतले आणि तिच्या वतीने मीच दुरुस्त केलं. गुणिले अर्धा, उंची बारा, उत्तर तीनशे. खाली लिहिलं, खुशी, तेल्हारा. उद्याचा धडा त्या नावासकट होईल. तिथला एक कोपरा कमी पडेल, चालेल. तुझा चौकोन त्यावर आला तर बघ.

आता एक गोष्ट तुला सांगते. अर्ध्याची चूक मी ठेवली होती. चौदाची नव्हती.

ती माझी होती, केदार. खरी. बारा लिहून चौदा घेतले आणि मला कळलंही नाही. तू ज्याला भीत होतास ते थोडंसं खरं आहे, कधीतरी होणारच होतं. पण मला त्याची धास्ती वाटत नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ज्या वर्गात पोरं डोळे लावून बसलेली असतात, तिथे म्हातारी बाई बिनधास्त चुकू शकते. ती पकडतात. पुढच्या धड्यात मी खुशीला सांगणार आहे की दुसरी चूक बाईंची खरीच होती. मुद्दाम ठेवलेली पकडणारे पुष्कळ पाहिले. खरी पकडायला हिंमत लागते, आणि तिचा मान तिला मिळाला पाहिजे.

तू मात्र आता काही सावरू नकोस. मी घसरले तर घसरू दे, समोर माणसं आहेत.

पुरणपोळ्या माणिकबाईंच्या नातवाबरोबर पाठवल्यात, तो उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला येतोय. दोन वेगळ्या बांधल्यात, त्या तेल्हाऱ्याला पोचव. भजनी मंडळाला मी नाही म्हणून सांगितलं. पुस्तकांची चळत जरा खचलीय, म्हणून आज सुतळीला आणखी एक पीळ दिला. फोन करू नकोस, उचलणार नाही.

तुझी आत्या